हंसाची चतुःसीमा

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करून टाकतो. ते बदक नव्हतं.

हे सांगायची वेळ माझ्यावर यावी हेच माझं दुर्दैव. प्रताप नगरात आज कुणालाही विचारा, गजभिये साहेबांचं घर कुठलं, तर "कोणते, ते बदकवाले का?" असा उलटा प्रश्न येतो आणि विचारणारा बरोबर माझ्या फाटकाशी येऊन उभा राहतो. चौतीस वर्षं मी महसूल खात्यात काढली. मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वाहून गेलेल्या विहिरींपासून बांधावरच्या आंब्यापर्यंत हजारभर गोष्टींचे पंचनामे केले, आणि माझ्या सहीखालच्या ओळीवर जिल्ह्यात कुणी कधी बोट ठेवलं नाही. असा मनुष्य शेवटी एका बदकावरून ओळखला जातो, आणि ते बदकही नसतं.

झालं ते असं. आमचं एक पक्षीमित्र मंडळ आहे. अध्यक्ष मनोहरराव. रामदासपेठेत राहतात, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत, आणि अजून समोरचा माणूस मागच्या बाकावर बसला आहे अशाच सुरात बोलतात. दर जानेवारीत मंडळातर्फे पाणपक्ष्यांची मोजणी होते. जुन्या सभासदांना चांगले तलाव मिळतात, म्हणजे ज्यांच्या काठाला चहा आणि तर्री-पोह्याची सोय आहे असे. मला सभासद होऊन जेमतेम आठ महिने झालेले. मला भिवकुंडीचा तलाव मिळाला. उमरेड रोडवरून आत वळायचं, डांबर संपेपर्यंत जायचं, मग आणखी तेवढंच जायचं. या तलावावर आजवर बगळे, पाणकावळे आणि म्हशी यांखेरीज काही नोंदलं गेलं नव्हतं. म्हशीसुद्धा नोंदायच्या नसतात हे मला मागाहून कळलं.

तर रविवारी सकाळी साडेसातला मी धरणाच्या पाळीवर बसून हंस मोजत होतो. आपल्याकडे थंडीत येतात ते पट्टेरी हंस, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेले. ते काठाच्या हरभऱ्यात चरत होते. सत्तावीस झाले. अठ्ठाविसाव्याच्या डोक्यावर पट्टे नव्हते. मी दुर्बीण पुसली. मग चष्मा पुसला. अठ्ठाविसावा तपकिरी होता, पाय नारिंगी, पोटावर काळे आडवे फराटे, आणि चोचीच्या मुळाशी, कपाळावर, पांढरा शुभ्र ठिपका. पुस्तक उघडलं. पांढऱ्या कपाळाचा हंस. राहणार उत्तर ध्रुवाच्या बाजूला. हिवाळ्यात समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीत आणि आसपासच्या शेतांत मुक्काम. भारतात क्वचितच.

मी ते पान दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा असं काही माझ्यासमोर आलं होतं की जे कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. मी मोबाइल दुर्बिणीच्या काचेला लावून चौदा फोटो काढले. तेरा फोटोंत माझा अंगठा आला. चौदाव्यात हरभऱ्यामध्ये एक तपकिरी आकार आला.

तो मी पक्ष्याचं नाव लिहून मोठ्या अभिमानानं मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मनोहररावांनी आधी विचारलं की नागपूरला समुद्र कधीपासून आला. नागपूरला समुद्र नाही हे मला मान्यच आहे. पण ते हंसाला कुणी सांगायला हवं होतं, मी काय करणार? मग त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि एका शब्दात निकाल दिला. "ढेकूळ."

त्या एका शब्दाखाली सतरा जणांनी हसणारी तोंडं टाकली. त्यात आमच्या खजिनदारांचंही होतं, ज्यांना मी स्वतः कावळा आणि भारद्वाज यांतला फरक सांगितला होता.

घरी आलो, प्रेमिलाला सगळं सांगितलं. पाय कसे, पोट कसं, कपाळ कसं. ती वाटाणे सोलत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "असंल."

माझ्या बायकोचं हे "असंल" ज्यानं ऐकलं नाही त्याला त्याची धार कळायची नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात ते मी तीन-चारदाच ऐकलं आहे. एकदा मी म्हणालो होतो की पुढच्या महिन्यापासून रोज पहाटे उठून पळायला जाणार, तेव्हा. बाकीच्या जगानं मला ढेकूळवाला म्हटलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण माझ्याच घरात, माझ्याच वाटाण्यांसमोर, माझा शब्द धरला जात नाही, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

पुढचे तीन दिवस मी घरात नुसता फिरत होतो. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा हॉलमध्ये. मोबाइल उघडायचा, ढेकूळ पाहायचं, बंद करायचा. प्रेमिला म्हणाली, "तुम्ही एका जागी बसता का? पाहून पाहून मले चक्कर येऊन राहिली." मी बसलो. बसल्यावर पाय हलायला लागला. पाय धरला तर बोटं वाजवायला लागलो. हंस तिकडे आज असेल, उद्या असेल, परवा ध्रुवाकडे निघून जाईल, आणि मी मात्र जन्मभर इथे प्रताप नगरात ढेकूळवाला म्हणून राहीन, हा विचार काही मला टेकू देईना.

अशात वरच्या मजल्यावरच्या सिंधूताई आल्या. सिंधूताईंकडे प्रत्येक विषयावर एक सल्ला आणि एक वाघ असतो. आमच्या शहराचं हे एक आहे. इथे दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत ज्याला त्याला वाघ दिसलेला असतो, आणि कितीही लांबून दिसला असला तरी सांगताना तो जीपच्या बोनेटपर्यंत येतोच. सिंधूताईंनी आधी पेंचची वाघीण तीन पिल्लांसकट सांगितली. ते पंचवीस मिनिटं चाललं. मग म्हणाल्या की बदक दिसलंच होतं तर एक धरून काहून नाही आणलं, त्यांच्या माहेरी खुराडं रिकामंच पडलं आहे. मी म्हणालो की ते बदक नव्हे. त्या म्हणाल्या, तेच ते.

त्या गेल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी इतके दिवस चुकीचा दरवाजा ठोठावत होतो. फोटो हा काय पुरावा झाला? चौतीस वर्षांत मी एखादी गोष्ट घडली हे कशानं सिद्ध केलं? मी टेबलाच्या खणातून लांब कागद काढले, त्यावर समास आखला, आणि गुरुवारी सकाळी स्कूटरला किक मारून भिवकुंडी गाठली.

नशीब बघा, हंस तिथेच होता. त्याच हरभऱ्यात, त्याच सत्तावीस जणांत. मी पंच गोळा करायला लागलो. पहिला मिळाला बळीराम. तलावातल्या मासेमारी सोसायटीचा हा अध्यक्ष. तलावाचा कोपरान् कोपरा त्याच्या पायाखालचा. दुसऱ्या जनाबाई, ज्यांच्या हरभऱ्यात हंस चरत होता त्या. उरलेले तिघं रस्त्यानं चालले होते, त्यांना थांबवलं. पाचही जणांना मी पाळीवर ओळीनं उभं केलं आणि दुर्बीण हातोहात फिरवली. सगळ्यांनी पाहिलं. बळीराम तर म्हणाला, "कपाळाले चुना लावल्यावाणी दिसून राहिला गा साहेब." मी आनंदानं पहिली ओळ लिहिली.

तो पंचनामा मला आजही तोंडपाठ आहे. "आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे भिवकुंडी येथील तलावाचे पश्चिम काठी एक हंस, रंग तपकिरी, कपाळ पांढरे, पाय नारिंगी, पोटावर काळे पट्टे, वय अंदाजे प्रौढ, चरत असताना आढळून आला. सदर हंसाची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस पाणी. पश्चिमेस श्रीमती जनाबाई यांचे हरभऱ्याचे उभे पीक. उत्तरेस पट्टेरी हंस, नग सत्तावीस. दक्षिणेस शेळी. सदर हंस कोणाच्याही ताब्यात नसून स्वखुशीने आलेला आहे."

मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. पाचही पंचांनी सह्या केल्या. जनाबाईंची सही तर माझ्याहून सुवाच्य आली. शेवटी मी माझी सही ठोकली, खाली पदनाम लिहिलं, आणि कृतार्थ होऊन मान वर केली. हंस उडून गेला होता. पंचनामा वाचायला बारा मिनिटं लागली होती, आणि दक्षिणेची शेळी मधल्या वेळात उत्तरेला गेली होती.

इतका वेळ तो समोर चरत असताना एक फोटो काढावा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुम्ही हसाल. पण महसूल खात्यात पंचनामा झाला की प्रत्यक्ष वस्तूची गरज संपते, अशीच माझी समजूत होती, आणि ती चौतीस वर्षांत एकदाही खोटी ठरली नव्हती.

पंचनाम्याची एक प्रत मी मनोहररावांना नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. ते म्हणाले की मासे धरणाऱ्याला आणि हरभरा पेरणारीला हंसातलं काय कळतं, मंडळाची नोंद अशी होत नसते, दुसरा जाणकार निरीक्षक लागतो किंवा स्पष्ट फोटो लागतो. ज्या माणसाला गढूळ पाण्याखालची मरळ कुठे आहे ते कळतं त्याला पांढरं कपाळ कळत नाही, हे मला फार लागलं. मी चहा न घेता उठलो. प्रश्न माझ्या एकट्याच्या स्वाभिमानाचा नव्हता, पाच पंचांच्याही होता.

दुसरी प्रत मी भिवकुंडीच्या ग्रामपंचायतीत दिली होती. का दिली म्हणाल तर हाताची सवय. कागद लिहून झाला की हात आपोआप खाली "प्रत माहितीस्तव" असं लिहितो, आणि लिहिलं की द्यावी लागते. इथेच सगळा घोळ झाला.

गावात पंचनामा झाला म्हणजे काहीतरी मिळणार किंवा काहीतरी जाणार, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. शुक्रवारी मला गावातून सहा फोन आले. एकाची भिंत पडली होती, ती हंसासोबत घालता येईल का. एकाची गाय गेली होती, ती मागच्या वर्षी गेली होती, पण गेली होती. जनाबाईंचं म्हणणं होतं की पश्चिमेला पीक "उभे" लिहिलं ते बरोबर नाही, निम्मं तर तुमच्या पाहुण्यानं खाल्लं. शनिवारी वारा फिरला. कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या तालुक्यात असाच एक पक्षी सापडला आणि सरकारनं तलाव बंद केला, जाळं टाकायला बंदी. त्या संध्याकाळी बळीरामचा फोन आला. तो नेहमीसारखा हसला नाही.

"साहेब, एक सांगा. तलाव बंद करून राहिले का तुम्ही?"

मी म्हणालो, अरे बाबा, मी निवृत्त माणूस, मी काय बंद करणार? तो म्हणाला, "कागदावर तं निवृत्त नाही लिहिलं."

मी धावत जाऊन माझी प्रत काढली. खाली माझ्याच वळणदार अक्षरात होतं: देवराव गजभिये, मंडळ अधिकारी. बस्स. पुढे काही नाही. चौतीस वर्षं हातानं जे लिहिलं तेच त्यानं लिहिलं होतं. "सेवानिवृत्त" हा शब्द लिहायला त्याला अजून कुणी शिकवलंच नव्हतं.

ग्रामपंचायतीतली प्रत एव्हाना वर पोचली होती; मंगळवारी तहसील कचेरीचं पत्र आलं. आपण शासकीय सेवेत नसताना पदनाम वापरून पंचनामा केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी खुलासा सात दिवसांत सादर करावा. आणि खाली: सदर हंस अस्तित्वात होता किंवा कसे, याची मोका पाहणी गावच्या तलाठ्यामार्फत करण्यात येईल. असली पत्रं मी जन्मभर लोकांना पाठवली. या वेळी पोचपावतीवर सही माझी होती.

प्रेमिलानं पत्र वाचलं, घडी घातली आणि फ्रिजवर ठेवलं.

आता खुलासा द्यायचा म्हणजे एकच मार्ग. पदनामाची चूक सवयीनं झाली हे कबूल करायचं, पण पंचनामा खरा आहे हे सिद्ध करायचं. हंस असेल तर मी विसराळू म्हातारा. हंस नसेल तर मी खोटा कागद करणारा अधिकारी, आणि मग मागच्या चौतीस वर्षांतल्या विहिरी, आंबे आणि भिंतीसुद्धा लोक नव्यानं तपासायला लागतील. सिंधूताईंनी मुरमुऱ्यांचं पाकीट आणून दिलं; म्हणाल्या, काठावर टाका, बदक आपोआप येईल.

तलाठी म्हणून आली दामिनी. तलाठ्यांना आता लांबलचक नवं पदनाम मिळालं आहे, पण गाव त्यांना तलाठीच म्हणतं. ही मुलगी माझ्याच महसूल मंडळात नोकरीला लागली होती. पंचनामा कसा लिहायचा हे तिला मी शिकवलं. तारीख विचारायला तिच्या कचेरीत गेलो, तर "जयभीम सर," म्हणाली, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग म्हणाली की सर, वाईट वाटून घेऊ नका, पण जे डोळ्यानं पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं. मी मान हलवली. त्या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

पाहणी गुरुवारी सकाळी आठला ठरली. मी जाणकार साक्षीदार म्हणून मनोहररावांना बोलावलं, कारण हंस आलाच तर त्यांनीच पाहावा अशी माझी इच्छा होती. ते आले, पाण्याच्या पाइपाएवढं लांब भिंग लावलेला कॅमेरा गळ्यात, चेहऱ्यावर दया. प्रेमिला म्हणाली, मीही येते. का, ते मी विचारलं नाही. डब्यात पराठे घेऊन ती स्कूटरवर मागे बसली. पाळीवर अर्धं गाव जमलेलं. पट्टेरी हंस मात्र हरभऱ्यात नव्हते; एवढ्या माणसांत ते कशाला येतील? तलावाच्या मधोमध काळे ठिपके दिसत होते तेवढेच. मी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. दर दोन मिनिटांनी दुर्बीण लावायची, दर दोन मिनिटांनी काढायची. मुरमुरेही टाकले. ते शेळीनं खाल्ले.

साडेनऊला दामिनीनं पंचांचे जबाब घ्यायला सुरुवात केली. रस्त्यानं चाललेले तिघं म्हणाले, सही आमची आहे, पण साहेबांनी सांगितलं म्हणून केली. जनाबाई म्हणाल्या, पाखरू होतं, पण पाखरं तं रोजच येतात. मग बळीरामची पाळी आली. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"सही माझी हाय, मॅडम. पण पाखरू म्हणाल तं मले काई दिसलं नाही. डोये कमजोर झाले माये."

त्याच्या मागे त्याच्या सोसायटीची माणसं उभी होती, त्यांची घरं या तलावावर चालतात. त्याला मी दोष तरी काय देणार? दामिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे शांतपणे लिहिलं: पंचांकडून सदर हंसास दुजोरा मिळाला नाही. मी शेजारच्या दगडावर बसलो. आठवडाभरात मी पहिल्यांदा एका जागी बसलो होतो.

लिहून झाल्यावर दामिनीनं पेनाचं टोपण लावलं आणि गावाकडे वळून सहज म्हणाली की एक पाखरू आलं म्हणून कोणाचा तलाव बंद होत नसतो, असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका, मासेमारीला कुणी हात लावून नाही राहिलं.

बळीरामची नजर त्याच क्षणी सुधारली. त्याला कपाळ दिसलं, पाय दिसले, पोटावरचे फराटे दिसले. रस्त्यानं चाललेल्या तिघांना तर एकाऐवजी चार हंस आठवले. जनाबाई म्हणाल्या, "काय गा बळीराम, पैलेच काहून नाही बोलला मंग?" सगळे दामिनीभोवती जमले, पुन्हा लिहा म्हणाले. ती म्हणाली की जबाब झाला, सही झाली, आता त्यात खाडाखोड करता येत नाही. हेसुद्धा तिला मीच शिकवलं होतं.

हा गोंधळ चालू असताना पाळीच्या पलीकडच्या टोकाकडून मनोहरराव पळत येताना दिसले. सत्तरीचा माणूस, गळ्यात तो पाइप हिंदकळतोय, टोपी कुठे तरी पडली आहे. सरकारी कामाला कंटाळून ते एकटेच मागच्या बाजूला गेले होते. ते आले, गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, "आहे. पांढरं कपाळ. नारिंगी पाय. माझ्यापासून वीस फुटांवर होता. गजभिये, आहे हो."

दामिनीनं टोपण परत काढलं आणि विचारलं, फोटो?

मनोहररावांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घरच्या कॉम्प्युटरला लावलं होतं, आणि ते तिथेच, रामदासपेठेत, राहिलं होतं. तीस-चाळीसदा बटण दाबलं होतं त्यांनी. सगळं हवेत गेलं होतं.

दामिनीनं विचारलं की आणखी कुणी पाहिला का. त्यांनी नकारार्थी मान हलवली, तो उडाला म्हणाले, पण त्यांनी नक्की पाहिला, चाळीस वर्षांचा अनुभव आहे, त्यांचा शब्द म्हणजे काही कुणाही सोम्यागोम्याचा नव्हे. गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्या बघण्यात काय असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. बोलायला मी तोंड उघडलं, पण त्याआधी मागून, पराठ्यांच्या डब्याचं झाकण लावता लावता, प्रेमिला अगदी शांत आवाजात बोलली.

"ढेकूळ असंल, सर."

आधी जनाबाई हसल्या, आणि मग सगळी पाळ हसली. मनोहरराव लाल झाले. आणि मग, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, तेही हसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "एक कागद आहे का तुमच्याजवळ?"

होता. समास आखलेला. मी लिहिलं: मनोहरराव यांनी समक्ष पाहिल्याचे सांगितले. चतुःसीमा त्यांनी सांगितली. दक्षिणेस त्यांची स्वतःची टोपी आली. या खेपेला मी स्वतः पाहिला नव्हता म्हणून मी फक्त लिहून घेणारा अशी सही केली, आणि पदनामाच्या आधी "सेवानिवृत्त" हा शब्द एवढा मोठा लिहिला की बळीरामला तो चष्म्याशिवाय वाचता आला. तो कागद दामिनीनं अहवालाला जोडला. पुढे पंधरा दिवसांनी कचेरीचं पत्र आलं: भविष्यात पदनाम वापरू नये अशी समज देऊन प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे, म्हणजे फाइल बंद. हंसाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मंडळाच्या वार्षिक यादीत तो "अपुष्ट नोंद" म्हणून गेला, खाली दोन नावं आहेत, आणि मनोहरराव आता ग्रुपवर कुणालाही ढेकूळ म्हणत नाहीत.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी परत येताना उमरेड रोडला लागल्यावर मी विचारलंच. मान न वळवता, वाऱ्यात, मोठ्यानं विचारलं की खरं सांग, तुझा विश्वास होता का माझ्यावर?

"पैल्याच दिवसापासून," ती म्हणाली.

मग "असंल" काहून म्हणाली, मी विचारलं.

"मंग काय आरती ओवाळू? तीन दिवस घरात फिरून राहिले होते, एकदा तरी मले म्हटलं का, चल, तुले दाखवतो?" मी स्कूटर हळू केली. पाच पंच गोळा केले, मनोहररावांचा जिना चढलो, पण हिला दुर्बीण द्यायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. थोड्या वेळानं ती मागून माझ्या खांद्याशी आली आणि म्हणाली, "आणि खोटं रचायले डोकं लागते. तुम्ही रचलंच असतं तं वाघ रचला असता, साऱ्या नागपूरवाणी. बदक काहून रचाल?"

ते बदक नव्हतं. पण शहर लागून मनीषनगर येईपर्यंत मी तिला तसं काही म्हणालो नाही.